आईच्या नावाची पहिली तीन अक्षरं

मी जळका माणूस आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागून कुणी म्हणायला नको की भाऊसाहेबांनी लपवलं. शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागलं की माझ्या घशाला कोरड पडते. साडूनं फटफटी घेतली त्या आठवड्यात मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. बायको म्हणाली, "गोळ्या कावून खाताय? हे पोटाचं दुखणं न्हाई, साडूच्या फटफटीचं हाय." खरं होतं तिचं. पण आयुष्यात सगळ्यात जास्त मी ज्याच्यावर जळलो तो साडू नव्हे. तो आमच्या शाळेत आलेला कॉम्प्युटरचा मास्तर. वयानं माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, आणि त्यानं माझं घेतलं काय, तर वर्षातला फक्त एक दिवस.

मी गेवराई तालुक्यातल्या एका मोठ्या गावच्या हायस्कुलात क्लार्क होतो. घर आमचं दिंद्रुडचं, वाण्याचं. बाप आणि भाऊ किराणा दुकानात, मला मात्र तराजूपेक्षा दौत बरी वाटायची. अक्षर लई सुंदर म्हणून नोकरी लागली, आणि त्याच अक्षरावर मी वीस वर्षं काढली. आता क्लार्कला शाळेत कोण पुसतो? मास्तरांच्या पाया पोरं पडतात. हेडमास्तरांच्या टेबलावर फुलदाणी असते. क्लार्कच्या टेबलावर टाचण्या. पण दहावीच्या निकालाचा दिवस माझा! बीडहून निकालाचा लखोटा आणायला मी पहिल्या एसटीनं जायचो, आणि दुपारी परत आलो की स्टँडापासून शाळेपर्यंत माणसं माझ्या मागं चालत यायची. मी शाळेच्या पायऱ्यांवर उभा राहायचो. घाई नाही. आधी चष्मा पुसायचा. मग पाणी मागायचं. मग नंबर, मग नाव, आणि मग जरा थांबायचं. त्या थांबण्यात जे सुख होतं ते आमदाराला भाषणात मिळत नसेल. पन्नास-साठ बाप तोंड उघडं टाकून माझ्याकडं बघायचे. "पास" म्हटलं की टोप्या उडायच्या. नापास असला की मी आवाज खाली आणायचो. मी काही राक्षस नव्हतो.

तर शाळेत तीन कॉम्प्युटर आले. त्या दिवसांत रोज काहीतरी येतच होतं. स्टँडवर एसटीडीच्या डब्याशेजारी मोबाईलचं दुकान झालं होतं, आणि "नेट" हा शब्द गावातली पोरं अशी म्हणायची की जसं काही ते त्यांच्या मामाचं शेत आहे. कॉम्प्युटरमागोमाग हा मास्तर आला. बीडजवळच्या पालीचा. मेंढरं राखणारं घर. बाप लहानपणीच गेलेला, कळप चुलत्यानं सांभाळला, आणि हा शिकला. नेमणूक तात्पुरती, पगार माझ्या निम्म्याहून कमी. तरी मी जळलो. त्याच्या खोलीला पडदे लागले. पंखा लागला. वर बॅटरी बसवली, लाईट गेली तरी दोन तास कॉम्प्युटर चालावेत म्हणून. माझ्या ऑफिसावर वीस वर्षं पत्रा होता आणि पंखा मागितला की हेडमास्तर म्हणायचे, "बघू." त्या खोलीत जाताना चपला बाहेर काढायच्या, देवळात काढतात तशा. मी जाताना मुद्दाम चपला घालून गेलो तर शिपायानं मला, मला, वीस वर्षांच्या क्लार्कला, दारात अडवलं.

माणूस वाईट असता तर किती बरं झालं असतं! वाईट माणसावर जळायला मन मोकळं असतं. हा सकाळी आला की आधी माझ्या दारात थांबायचा, "भाऊसाहेब, च्या घेतला का?" म्हणायचा. मी फायलीतून मान वर करत नसे. मनात म्हणायचो, मेंढरांमागं फिरणारा तू, तुला खुर्ची कुणी दिली बे? असं म्हणायचो, हे लिहिताना लाज वाटते, पण म्हणायचो.

एकदा कापसाच्या दिवसांत त्यानं हेडमास्तरांना एक करामत दाखवली. हेडमास्तरांची कापसाची शेती, त्यामुळं सगळ्या स्टाफला हाका मारून त्यांनी ती बघायला बोलावलं. नेटवर बाजारभावाची पानं असायची. गेवराईचं वेगळं, माजलगावचं वेगळं, बीडचं वेगळं. एकेक उघडून बघायचं म्हणजे अर्धा तास जायचा. मास्तरनं एक्सेलचा तक्ता उघडला, एक बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवून बसला. टेलिफोनची लाईन कुरकुरली. मग तक्त्यातल्या चौकटी आपल्या आपण भरायला लागल्या. गेवराई, भाव. माजलगाव, भाव. कुणी लिहीत नव्हतं आणि अक्षर उमटत होतं.

"आरं बाबा, ह्ये कोण लिवतंय?" हेडमास्तर खुर्चीतून अर्धे उठले.

"मॅक्रो म्हणत्यात याला, सर," मास्तर म्हणाला. "एकदा लिहून द्यायचं, कोंच्या पानावर जायचं, तिथला कोंचा आकडा उचलायचा, आन आणून कोंच्या चौकटीत ठेवायचा. मग ते दमत न्हाई, कंटाळत न्हाई."

"मग क्लार्क कशाला पोसायचा?" मी म्हणालो. सगळे हसले. हेडमास्तर हसले नाहीत. ते त्या तक्त्याकडं अशा नजरेनं बघत होते की मला वाटलं, विचार करतायत.

मास्तर माझ्याकडं वळून म्हणाला, "तसं न्हाई वो, भाऊसाहेब. ह्याला सोताची अक्कल न्हाई. आपण जे दिलं तेच घेऊन जातं. तुमचा कागद बरोबर असंल तरच ह्याचं बरोबर." त्यानं मला मान दिला होता. मला तो टोमणा वाटला, आणि मी घरी येऊन बायकोवर खेकसलो. ती म्हणाली, "पोरगं गुणाचं हाय. बहिणीला संगं आणून शिकवतंय. तुमी कावून त्याच्या नावानं बोटं मोडताय?" तिनं त्याला गुणाचं म्हटलं, हे आणखी एक.

बहीण आमच्याच शाळेत दहावीला होती. शाळेमागं एक खोली भाड्यानं घेऊन दोघं राहायचे. आई कळपाबरोबर असायची, अधूनमधून यायची. तिची माझी समोरासमोर गाठ पडली ती एकदाच, दिवाळीनंतर, बोर्डाचे फॉर्म भरण्याच्या शेवटच्या दिवशी. मास्तर औरंगाबादला ट्रेनिंगला गेलेला, आणि पोरीला हिवताप. म्हणून आईच पोरीचा फोटो पदराच्या गाठीला बांधून ऑफिसात आली.

"पोरगी तापानं फणफणलीय. म्या आले तर चालंल का?"

चालत होतं. पण ती त्याची आई, म्हणून मी कपाळाला आठी घालूनच फॉर्म पुढं ओढला. पोरीचं नाव लिहिलं, बापाचं लिहिलं. मग विचारलं, "आईचं नाव?"

तिनं एकदा दाराकडं बघितलं. "कोंचं सांगू? सासरचं का माहेरचं?"

आमच्याकडं लग्नात पोरीचं नाव बदलतात. तांदळाच्या ताटात नवरा अंगठीनं नवं नाव काढतो, आणि जुनं नाव आईबापाच्या दारात राहतं. शाळेच्या रजिस्टरला तिचं सासरचं नाव होतं. तेच लिहावं लागतं असं मी सांगायला पाहिजे होतं. पण बाहेर पोरांची रांग होती आणि मला तिला लवकर कटवायचं होतं. म्हणालो, "जे असंल ते सांगा, बाई. गर्दी हाय."

"मग माहेरचं लिवा," ती म्हणाली. "दुसरं सासूनं ठेवलेलं. मला कुणी इचारलं न्हवतं. पोरीच्या कागदावर माझं मला ऱ्हाऊ द्या." आणि तिनं ते नाव सांगितलं. मी ते इथं लिहीत नाही. ते माझ्या मालकीचं नाही. फॉर्मच्या दोन प्रती झाल्या. एक बोर्डाला गेली, दुसरी माझ्या कपाटात, आणि त्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला.

माघात ती वारली. कळप परळीच्या बाजूला होता, कावीळ झाली, आठ दिवसांत खेळ संपला. मीही भेटायला गेलतो, तोंडदेखला. तेराव्यानंतर चुलता शाळेत आला आणि लिंबाखाली सगळ्यांदेखत मास्तरला म्हणाला, "आई गेली. तरणी पोर एकल्या भावाच्या गळ्यात किती दिस ठेवू? पाव्हणं दारात हाईत." चुलता वाईट नव्हता. आठ महिने रानोमाळ फिरणाऱ्या माणसाला तीच एक काळजी. मास्तरनं हात जोडले, निदान परीक्षा तरी होऊ द्या म्हणाला. शेवटी चुलत्यानं तोड काढली. "पास झाली तर तिला बीडला कालिजात घाल, म्या तोंड उघडणार न्हाई. न्हाई झाली तर निकालाच्याच दिशी तिला संगं नेतो आन पाव्हण्याला होकार देतो. बोल, मंजूर?" मास्तर मंजूर म्हणाला. दुसरं काय म्हणणार? पोरगी लिंबाच्या पलीकडं पुस्तक धरून उभी होती. तिनं पान उलटलं नाही, एवढं मी बघितलं.

त्या जूनमध्ये कळलं की निकाल आधी नेटवर लागणार, कागद आठ दिवसांनी बीडला येणार. बोर्डाच्या पानावर पोराचा नंबर टाकायचा आणि ताळ्यासाठी आईच्या नावाची पहिली तीन अक्षरं इंग्रजीत टाकायची. दोन्ही जुळले तर गुण दिसणार. हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं, "यंदा तुमी बीडला जाऊ नका, भाऊसाहेब. सर मॅक्रो लावणार हाईत. त्रेसष्ट पोरांचा निकाल बसल्या जागी." माझ्या कानातून धूर निघायचा बाकी राहिला. घरी बायको म्हणाली, "बरं झालं की! उन्हात उभं ऱ्हावं लागणार न्हाई." मी ताटावरून उठलो.

निकालाच्या आधी दोन दिवस मास्तर माझ्या दारात आला. हेडमास्तर लग्नाला गावी गेले होते. "भाऊसाहेब, फॉर्मच्या हापिसातल्या प्रती देता का? आईची नावं त्याच्यावरनं टायपून घेतो. बोर्डाकडं तीच गेल्यात."

"गोपनीय रेकॉर्ड हाय," मी म्हणालो. "हेडमास्तरांचं पत्र आणा."

"पण ते तर परवाच येणार."

"मग परवा आणा."

भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. रजिस्टरवरनं घेतो." आणि गेला. रजिस्टरवरची नावं पहिलीत पोर घालताना बापांनी सांगितलेली, दाखल्यावरून तशीच उतरलेली, आणि फॉर्मवरची नावं पोरांनी किंवा आयांनी सांगितलेली. वीस वर्षं फॉर्म भरणाऱ्या माणसाला माहीत असतं की ही दोन दर वेळी जुळत नाहीत. मला ठाऊक होतं की त्याचा मॅक्रो अडकणार. मी वाट बघत होतो. त्यात त्याची आई असेल हे मला तेव्हा आठवलं नव्हतं, असं म्हणावंसं वाटतं. आठवलं होतं.

निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता पायऱ्यांवर एक कुत्रं सोडलं तर कुणी नव्हतं. सगळं गाव कॉम्प्युटरच्या खोलीला चिकटलेलं. खिडक्यांच्या गजांना माणसं लटकलेली. दारात चपलांचा ढीग. मी त्या ढिगावरून पाय टाकत आत शिरलो आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. मास्तरनं बटण दाबलं. लाईन लागायला वेळ लागला, आणि मग पहिली ओळ भरली. मराठी, इंग्रजी, गणित, एकूण, आणि शेवटच्या चौकटीत पास. बाहेर टोपी उडाली. दुसरी ओळ. तिसरी. माझं थांबणं नाही, माझा चष्मा नाही, आणि तरी माणसं रडत होती, हसत होती, मास्तरला उचलून घ्यायचं तेवढं बाकी होतं. एका म्हाताऱ्यानं चक्क कॉम्प्युटरच्या डब्याला नमस्कार केला.

त्रेसष्टपैकी नऊ ओळी रिकाम्या राहिल्या. माहिती सापडली नाही. खोलीत कुजबूज सुरू झाली, आणि मी भिंतीला टेकून पहिल्यांदा सुखानं श्वास घेतला.

मास्तरनं त्या ओळी रजिस्टरशी ताडून बघितल्या, आणि त्याच्या लक्षात आलं. पोरगं हुशार, दोन मिनिटं लागली नाहीत. तो बाहेर येऊन म्हणाला, "ज्यांची राहिली त्यांच्या आईचं दुसरं नाव सांगा. माहेरचं."

मग जी गंमत झाली! एक गडी म्हणाला, "मला काय ठावं? आमी तिला पोराची आई म्हणतो." अठरा वर्षं संसार केलेला माणूस, बायकोचं माहेरचं नाव माहीत नाही. दुसऱ्यानं नाव सांगितलं ते मेहुणीचं निघालं. बायका मागं लिंबाखाली उभ्या होत्या, त्यांना पुढं बोलावलं तर पदर तोंडात. सगळ्या गावासमोर माहेरचं नाव कसं घ्यायचं? एकीनं मास्तरच्या बहिणीच्या कानात सांगितलं, आणि मग ती पोरगीच दारातून लिंबापर्यंत आणि लिंबापासून दारापर्यंत कानांतली नावं पोचवत राहिली. एकेक ओळ भरत गेली. लोक आता आणखीच खूश. कुणाची बायको कोण होती ते स्क्रीनवरच्या तीन अक्षरांवरून गाव आज ओळखत होतं. आणि हे श्रेयही मास्तरलाच!

अडीचला एकच ओळ उरली. त्याच्या बहिणीची.

त्यानं चुलत्याला विचारलं. चुलता सकाळच्या एसटीनं येऊन बसला होता. चारची गाडी धरून परत जायचं होतं त्याला, पाव्हणे संध्याकाळी पालीला येणार होते. पोरीचं बोचकंही बांधून ठेवलं होतं. तो म्हणाला, "वैनीचं दुसरं नाव? आमच्यात आली तवापासून हेच." मामा कळप घेऊन कुठं सांगलीकडं की कुठं, पत्ता नाही, फोन नाही. मास्तरनं चार-दोन नावं अंदाजानं टाकून बघितली. काही नाही.

"रिकामी म्हंजी नापासच की रे," चुलता म्हणाला.

"न्हाई, काका. नापास असली तर नापास येतं. ही सापडंनाच."

"बोर्डाला जी पोर सापडंना ती पास कशी आसंल?" चुलता उठला आणि पोरीला म्हणाला, "चल, बाई. तोंड धू."

तेवढ्यात मास्तर गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आला. "भाऊसाहेब, पाया पडतो. ती प्रत तेवढी काढून द्या. हेडमास्तरांचं पत्र मागून आणतो."

"शोधावी लागंल," मी म्हणालो.

ऑफिसात आलो. दार ओढून घेतलं. कपाट उघडलं. शोधावी कसली लागतीय? फॉर्म नंबरवार लावलेले, माझ्याच हातचे. एका मिनिटात तो हातात आला. आणि मी तो घेऊन खुर्चीत बसलो.

बसूनच राहिलो. लाईट गेली होती. मास्तरच्या खोलीला बॅटरी होती, मला काही नव्हतं. पत्रा तापला होता आणि घामाच्या धारा लागल्या होत्या. अधूनमधून मी एखादी फाईल मुद्दाम आपटायचो, बाहेर ऐकू जावं म्हणून. दाराच्या फटीतून बघितलं तर निम्मं गाव माझ्या ऑफिसाकडं तोंड करून उभं होतं. काय म्हणून सांगू! वर्षभर ज्यांनी माझ्याकडं ढुंकून बघितलं नाही ते सगळे माझ्या दाराकडं डोळे लावून होते. कुणीतरी म्हणालं, "भाऊसाहेब शोधत्यात, सापडंल." माझं थांबणं मला परत मिळालं होतं. फक्त या वेळी ते तासाभराचं होतं. मधेच चुलत्याचा आवाज आला, "गाडीचा टाईम झाला, पोरी." पोरीनं बोचकं उचललं. मास्तर म्हणाला, "धा मिंटं, काका. फकस्त धा मिंटं."

तेव्हा मी उठलो. पण दया आली म्हणून नाही, आता खोटं कशाला बोलू? गर्दी पुरेशी जमली होती म्हणून उठलो. गाडी गेली असती तर ऐकणारं कोण राहिलं असतं?

कागद हातात घेऊन मी त्या खोलीकडं निघालो तेव्हा माणसं आपोआप बाजूला झाली. मी चपला काढल्या नाहीत. शिपायानं अडवलं नाही. मी आत उभा राहिलो, चष्मा पुसला, आणि पाणी मागायचा विचार मनात आला पण तेवढं केलं नाही. आणि मी माझ्या निकालाच्या आवाजात, शेवटच्या खिडकीला ऐकू जाईल अशा आवाजात, त्या बाईचं माहेरचं नाव वाचलं.

मास्तरचे हात कीबोर्डवर तसेच राहिले. "हे कुणाचं नाव?"

"तुमच्या आईचं."

"आमच्यात कुणाचं न्हाई असलं नाव."

"तुमच्यात नसंल. तिच्यात होतं. माझ्यासमोर बसून सांगितलं तिनं. तीन अक्षरं टाका."

त्यानं टाकली. दोनदा चुकला, खोडावी लागली. ओळ भरायला लागली. मराठी, इंग्रजी, गणित. एकूण. पास. नुसती पास नाही, फर्स्टक्लास! खिडकीवरची पोरं ओरडली. चुलत्यानं डोक्याचं मुंडासं काढून पुन्हा बांधलं, बोचकं पोरीच्या हातातून घेऊन बाकावर ठेवलं, आणि म्हणाला, "बरं मग. शब्द म्हंजी शब्द. जा बीडला." पोरगी तोंड झाकून रडत होती, बायका तिला कुरवाळत होत्या. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली, "भाऊसाहेबांनी वाचवलं!" म्हणालं. वर्षभर ज्यासाठी जळलो ते सगळं माझ्या पदरात पडलं होतं.

मास्तर मात्र निकालाकडं बघतच नव्हता. तो माझ्याकडं बघत होता. गर्दी बहिणीकडं वळली तसा तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "तुमाला सांगितलं तिनं?"

"हो."

"मला न्हाई सांगितलं कधी. चोवीस वर्सं. एकदाबी न्हाई. कसं म्हणाली? हसून म्हणाली का?"

मला आठवेना. मी त्या दिवशी तिच्या तोंडाकडं बघितलंच नव्हतं. पण त्याच्या डोळ्यांत जे होतं ते मी बरोबर ओळखलं; त्यातलं मला सगळं कळतं. तो माझ्यावर जळत होता. ज्याच्याकडं सगळं होतं तो माझ्यावर, पत्र्याखालच्या क्लार्कवर, जळत होता. आणि खरं सांगतो, घटकाभर मला बरं वाटलं.

"कागद बघू द्या," तो म्हणाला. "तिचा अंगठा आसंल ना खाली?"

होता. सही येत नव्हती तिला, मीच पॅड पुढं केला होता, आणि पालकाच्या जागी तिनं दोन्ही प्रतींवर अंगठा उठवला होता. मी कागद त्याच्या हातात दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरून उलगडला आणि खाली बघितलं. मीही बघितलं. अंगठा नव्हता. तासभर माझ्या घामेजल्या मुठीत राहून पॅडची शाई फुटली होती, आणि त्या जागी नुसता जांभळा डाग पसरला होता, एकही रेघ न उरलेला.

त्यानं त्या डागावरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाला, "कागद कवा सापडला, भाऊसाहेब?"

"आत्ताच," मी म्हणालो.

त्यानं माझ्या तळहाताकडं बघितलं. तळहात सगळा जांभळा झाला होता. मग त्यानं बायकांच्या घोळक्यात उभ्या बहिणीला हाक मारली आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "जा बरं, भाऊसाहेबांना हात धुवायला पानी आन."